रविवारची गोळी

सांगलीच्या आमच्या घरात फ्रिजशेजारी जे कालनिर्णय लटकतं, त्यावर प्रत्येक रविवारभोवती बाबांनी हिरव्या पेनाने गोल केलेत. (लाल पेनाने केले असते तर दिसलेच नसते, रविवार मुळातच लाल!) गोळी घेतली की गोलावर फुली. दूधवाल्याचा खाडा मांडतात त्याच शिस्तीत. त्या दिवशी आई जेवणानंतर मेथोट्रेक्सेट नावाच्या पिवळसर, टिकलीएवढ्या गोळ्या घेते. आठवड्यातून एकदाच. सोमवारी फॉलिक ॲसिड.

गेली तीन वर्षं हे चाललंय. पण पंधरा दिवसांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलं, की रक्तातला सीआरपी अजून वरच आहे, दोन्ही मनगटांची सूज हटत नाही, आता पुढची पायरी चढायला हवी. पर्याय तीन दिले आणि म्हणाले, "घरी बोला, वाचा, मग या." आता 'वाचा' म्हटल्यावर घरातला इंजिनियर कामाला लागणारच. दोन वीकेंड त्यात गेले. वाचायला बसलो होतो साइड इफेक्ट्सची यादी, आणि हाताला लागला ऐंशी-नव्वद वर्षांचा इतिहास. तो इतका जबरदस्त निघाला की इथे लिहिल्याशिवाय राहवेना. मी डॉक्टर नाही हे उघडच आहे. तेव्हा हे वाचून कुणी आपल्या गोळ्यांत फेरफार करू नये.

आधी एक खुलासा. आपल्याकडे 'संधिवात' म्हटलं की सगळ्यांना आजीचे गुडघे आठवतात. ती झीज. आईला आहे तो र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, ज्याला बरेच जण आमवात म्हणतात. यात शरीराची संरक्षण यंत्रणाच सांध्यांच्या अस्तरावर चाल करून जाते. सकाळी तास-दीड तास मूठ वळत नाही. कणीक मळणं सोडा, ब्लाऊजचे हूक लागत नाहीत. औषध नाही घेतलं तर हाडं कुरतडली जातात, आणि हे काम पहिल्या एक-दोन वर्षांतच सुरू होतं. कुरतडलेलं हाड पुन्हा पूर्ववत होत नाही. शिवाय या रुग्णांत हार्ट अटॅकचं प्रमाणही इतरांपेक्षा जास्त. म्हणजे 'औषध नको, राहू दे' हाही एक पर्यायच, आणि त्याची किंमत आहे. ती कुठल्या पाकिटावर छापलेली नसते, एवढंच.

आता गोष्ट.

१९२९ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, रॉचेस्टरच्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच नावाच्या डॉक्टरकडे एक ६५ वर्षांचे रुग्ण होते. स्वतःही डॉक्टरच. ते म्हणाले, मला कावीळ झाली आणि दुसर्‍याच दिवसापासून सांधे दुखायचे थांबले. दुसरा कुणी असता तर "योगायोग हो" म्हणून पुढचा रुग्ण बोलावला असता. हेंचने ते डोक्यात ठेवलं. मग त्याला दिसलं की गरोदर बायकांचा हा आजारही तात्पुरता ओसरतो. म्हणजे शरीरात असं काहीतरी तयार होत असणार, जे या रोगाला आवर घालतं. त्याने त्याला नाव दिलं 'एक्स', आणि जवळजवळ वीस वर्षं तो या एक्सच्या मागे होता. त्याच क्लिनिकमध्ये एडवर्ड केंडल हा रसायनशास्त्रज्ञ मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथींतून एकेक पदार्थ वेगळा काढत होता. त्यातला एक 'कंपाउंड ई'. मर्क कंपनीने तो प्राण्यांच्या पित्तापासून भलीमोठी किचकट प्रक्रिया करून थोडाफार बनवला.

२१ सप्टेंबर १९४८. रुग्ण २९ वर्षांची बाई. माझ्याच वयाची. साडेचार वर्षांचा आजार, अंथरुणातून उठणं मुश्कील. रोज १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन सुरू केलं. तीन-चार दिवसांत ती चालू लागली, आणि आठवड्याभराने गावात जाऊन तीन तास खरेदी करून आली! १९४९ मध्ये हेंचने डॉक्टरांच्या सभेत औषधाआधीच्या आणि नंतरच्या रुग्णांची फिल्म दाखवली. जिने चढता न येणारी माणसं चढताना दिसली. १९५० मध्ये हेंच, केंडल आणि स्वित्झर्लंडमधल्या राइशस्टाइनला नोबेल. पहिल्या इंजेक्शनपासून नोबेलपर्यंत फक्त दोन वर्षं. आमच्या प्रोजेक्टमध्ये एक मॉड्यूल साइन-ऑफ व्हायला याहून जास्त वेळ लागलाय.

त्या औषधाचं नाव कॉर्टिझोन. आज ज्याला आपण सरसकट 'स्टेरॉइड' म्हणतो, त्या घराण्यातलं.

आणि मग बिल आलं. चेहरा चंद्रासारखा गोल, रक्तदाब, साखर, हाडं ठिसूळ, मोतीबिंदू, जंतुसंसर्ग, काहींना चक्क भ्रम. औषध थांबवलं की आजार परत, कधी आधीपेक्षा जोरात. हेंचची फसवणूक होती असं मुळीच नाही. हा रोगावरचा कायमचा इलाज नव्हे, हे त्यानेच सांगितलं होतं. पण ती १०० मिलिग्रॅम म्हणजे आजच्या हिशोबात साधारण २० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन, रोज. एवढा डोस आठवडाभर बघितला तर चमत्कार दिसतो, वर्षभर बघितला तर दुसरंच काही दिसतं. १९५४ मध्ये ब्रिटनमध्ये साठेक रुग्णांची तुलना छापून आली. निम्म्यांना कॉर्टिझोन, निम्म्यांना साधी ॲस्पिरिन. वर्षाअखेर दोन्ही गटांत फारसा फरकच नव्हता!

इथे वाचता वाचता मी थांबलो, कारण ही रॉचेस्टरची गोष्ट आमच्या घरात घडून गेली आहे.

निदान व्हायच्या आधी आईला एका ओळखीच्या काकूंनी 'पुडी' सुचवली होती. तासाभरावरच्या एका गावातला माणूस द्यायचा. शुद्ध जडीबुटी, साइड इफेक्ट शून्य, वगैरे. चौथ्या दिवशी आईने स्वतः कुकरचं झाकण लावलं. मला पुण्याला फोन आला, आवाजात नुसता आनंद. मी हिंजवडीत बसमध्ये होतो, मलाही भरून आलं. पाच महिन्यांनी गणपतीला घरी गेलो तर आईचा चेहरा ओळखू येईना. गाल वर आलेले, कातडी ताणलेली. सगळे म्हणत होते, "तब्येत सुधारली हो वहिनींची!" बीपी वाढलेलं, साखर २४०. पुढे ज्यांच्याकडे गेलो त्या डॉक्टरांनी चेहर्‍याकडे बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "पुडी कुठून आणता?" त्यात स्टेरॉइड मिसळलेलं असणार, ही त्यांची अटकळ. किती होतं ते कळायला मार्ग नव्हता, म्हणून ते एकदम बंदही करता येईना. शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं विसरलेलं असतं. मग मोजून मापून प्रेडनिसोलोन देऊन, हळूहळू उतरवत आणलं. साखर सुदैवाने खाली आली, बीपी तेव्हापासून मुक्कामाला आहे.

पुडीची भीती वाटली नव्हती. आणि मेथोट्रेक्सेट लिहून दिलं त्या रात्री? भावाने नेटवर शोधलं, पहिल्याच ओळीत 'कॅन्सरवरचं औषध'. आईने बाबांना बाजूला घेऊन विचारलं, "मला कॅन्सर झालाय का? पोरं लपवतायत का?"

तर आता या दुसर्‍या औषधाची कुळकथा. आणि इथे आपला माणूस येतो.

येल्लाप्रगडा सुब्बाराव. जन्म १८९५, आंध्रातलं भीमावरम. त्यांचे भाऊ स्प्रू नावाच्या आतड्याच्या आजाराने गेले. मद्रासला वैद्यकीय शिक्षण, १९२३ मध्ये हार्वर्ड, आणि १९४० पासून न्यूयॉर्कजवळच्या लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत. तिथे त्यांच्या गटाने चाळिशीच्या दशकात फॉलिक ॲसिड प्रयोगशाळेत बनवलं. हे जीवनसत्त्व स्प्रूमध्ये उपयोगी पडतं. पुढे त्याच गटाने फॉलिक ॲसिडसारखे दिसणारे, पण पेशीला फसवून तिचं काम बंद पाडणारे रेणू बनवले. पेशीची वाढ फॉलिकवर चालते, मग खोटं फॉलिक दिलं की वाढ ठप्प. त्यातला ॲमिनोप्टेरिन बोस्टनच्या सिडनी फार्बरने रक्ताचा कॅन्सर झालेल्या मुलांना दिला आणि काही काळ का होईना, रोग मागे हटलेला पहिल्यांदा दिसला. ॲमिनोप्टेरिनचा सख्खा भाऊ म्हणजे मेथोट्रेक्सेट. म्हणजे आईची रविवारची गोळी आणि सोमवारची गोळी, एक चोर आणि एक पोलीस, दोन्ही सुब्बारावांच्या प्रयोगशाळेतले. १९४८ च्या ऑगस्टमध्ये सुब्बाराव गेले. दीडेक महिन्यात तिकडे रॉचेस्टरमध्ये ते पहिलं इंजेक्शन दिलं गेलं.

१९५१ मध्ये गबनर नावाच्या अमेरिकन डॉक्टरने ॲमिनोप्टेरिन सांधेदुखीच्या रुग्णांना देऊन बघितलं. सांधे सुधारले. नोंद छापली गेली. आणि पुढे जवळजवळ काहीच झालं नाही! एकतर तेव्हा सगळं जग कॉर्टिझोनच्या प्रेमात होतं. दुसरं म्हणजे कॅन्सरचं विष सांधेदुखीला कोण देणार? सोरायसिसवाल्या डॉक्टरांनी ते वापरात ठेवलं, सांधेवाल्यांतले मोजके लोक गुपचूप देत राहिले. बाकी रुग्णांसाठी ॲस्पिरिन होती आणि सोन्याची इंजेक्शनं होती. होय, सोनं. सुवर्णभस्माच्या देशात आपल्याला आश्चर्य वाटायचं कारण नाही म्हणा. फ्रान्सच्या फोरेस्टियेने ती १९२९ च्या सुमारास सुरू केली, कारण हा रोग क्षयाचा नातलग आहे असा त्याचा समज होता आणि सोनं क्षयाच्या जंतूंना मारतं असं मानलं जायचं. समज चूक, पण इंजेक्शनं काहींना लागू पडली, आणि अर्धं शतक चालली.

मेथोट्रेक्सेटची नीट चाचणी व्हायला १९८५ उजाडलं. बोस्टनचा मायकेल वाइनब्लॅट, फक्त ३५ रुग्ण. १९८८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने या आजारासाठी मान्यता दिली. १९५१ ते १९८८, म्हणजे ३७ वर्षं. या मधल्या वर्षांत किती जणांच्या बोटांची कायमची वाट लागली असेल, ते मोजलेलं नाही. न दिलेल्या औषधाने झालेलं नुकसान कुठल्याच फॉर्मवर भरत नाहीत.

गोम डोसमध्ये होती. कॅन्सरमध्ये हे औषध काही वेळा ग्रॅमच्या हिशोबात देतात. आईचा डोस आठवड्याला १५ मिलिग्रॅम. एवढ्याशा डोसला ते पेशी मारत बसत नाही, भडकलेल्या संरक्षण यंत्रणेला शांत करतं. दुष्परिणाम आहेत, खोटं कशाला बोलू. तोंड येतं, मळमळतं (आईचा सोमवार थोडा बेकारच जातो), यकृताला त्रास होऊ शकतो, रक्तपेशी कमी होऊ शकतात, क्वचित फुप्फुसाला सूज. गरोदरपणात तर अजिबात चालत नाही, हे तरुण मुलींनी विशेष लक्षात ठेवावं. पण या बहुतेकांची चाहूल रक्ततपासणीत आधी लागते, आणि फॉलिक ॲसिड दिलं की त्रास बराच आटोक्यात राहतो. २००२ च्या 'लॅन्सेट'मध्ये अमेरिकेतल्या विचिटा शहरातल्या १२४० रुग्णांचा अभ्यास आहे. मेथोट्रेक्सेट घेणार्‍यांत मृत्यूचा धोका न घेणार्‍यांपेक्षा सुमारे ६० टक्के कमी निघाला. हा चिठ्ठ्या टाकून केलेला प्रयोग नव्हता, त्यामुळे आकडा थोडा हात राखून वाचावा. तरी दिशा कळते. ज्याला सगळे विष म्हणून घाबरले ते हे!

आणि ज्याला कुणीच घाबरलं नाही ते? व्हायॉक्स.

वेदनाशामक गोळ्यांनी पोटात अल्सर होतात हे जुनं दुखणं. १९९९ मध्ये त्याच मर्क कंपनीने रोफेकॉक्सिब, म्हणजे व्हायॉक्स, बाजारात आणलं. पोटाला सौम्य, ही त्याची ख्याती. ती खरी आहे का हे पाहायला ८०७६ रुग्णांवर 'व्हिगर' नावाची चाचणी झाली, आणि हे सगळे रुग्ण र्‍हुमॅटॉइडचेच. निम्म्यांना व्हायॉक्स, निम्म्यांना जुनं नेप्रोक्सेन. सरासरी नऊ महिने. पोटाचे त्रास निम्म्याहून कमी झाले, म्हणजे दावा खरा. पण हार्ट अटॅक नेप्रोक्सेनच्या बाजूला ४, व्हायॉक्सच्या बाजूला २०. त्यातले छापलेल्या लेखात दिसले १७. उरलेल्या तिघांवरून पुढे त्या नियतकालिकानेच जाहीर चिंता व्यक्त केली. कंपनीचं स्पष्टीकरण असं, की व्हायॉक्स हृदयाला वाईट नाही, नेप्रोक्सेनच हृदयाचं रक्षण करतं. टेस्टिंगमध्ये बग सापडला की "तो बग नाही, जुनी सिस्टिमच जास्त चांगली होती" असं सांगणारा डेव्हलपर मी पाहिलाय. अधूनमधून आरशातही. पण इथे माणसं होती.

पुढे आतड्यातल्या गाठींसाठी वेगळी चाचणी चालू होती, त्यात तुलना डमी गोळीशी. आता डमी गोळी काही हृदयाचं रक्षण करत नाही. व्हायॉक्सवर दर शंभर रुग्ण-वर्षांमागे हृदयाच्या नि मेंदूच्या गंभीर घटना दीड, डमीवर पाऊण. ३० सप्टेंबर २००४ ला औषध मागे घेतलं. तोवर जगात आठ कोटींहून जास्त लोकांनी ते घेतलं होतं. भारतातही त्याच वर्षअखेरीला बंदी आली.

पुढची पायरी चढायची म्हणजे काय, तर इथून पुढचे तीन पर्याय.

पहिला, इंजेक्शन. लंडनमध्ये १९९२ मध्ये रविंदर मैनी (मूळचे लुधियानाचे) आणि मार्क फेल्डमन यांनी टीएनएफ नावाच्या एका प्रथिनाला अडवणारं औषध पहिल्या रुग्णांना दिलं. निकाल थक्क करणारा, आणि कॉर्टिझोनसारखा वर्षभरात फिका पडला नाही. पण २००१ मध्ये बॉस्टनचे जोसेफ कीन आणि सहकार्‍यांनी इन्फ्लिक्सिमॅब घेतलेल्यांतले टीबीचे ७० रुग्ण मोजून दाखवले. आपल्यापैकी अनेकांच्या छातीत टीबीचे जंतू पेशींच्या कोंडाळ्यात गाडून ठेवलेले असतात, आणि ते कोंडाळं टिकवायचं काम हाच टीएनएफ करतो. तो काढला की कैदी सुटले. पण आज हा धोका झेलता येतो. आधी मॅन्टू किंवा रक्ताची चाचणी, छातीचा एक्स-रे, गरज पडली तर टीबीची प्रतिबंधक औषधं, मग इंजेक्शन. २०१४ पासून ॲडॅलिमुमॅबची भारतीय आवृत्ती मिळते, मूळ औषधापेक्षा बरीच स्वस्त. तरी आमच्या घराला जाणवेल इतकी महाग.

दुसरा, गोळी. टोफासिटिनिब. एफडीएची मान्यता २०१२. भारतात जेनेरिक मिळते, इंजेक्शनच्या मानाने किरकोळ किमतीत. सुई नाही, फ्रिज नाही. मला हीच आवडली होती. मग एफडीएने सक्तीने करायला लावलेली चाचणी वाचली. ४३६२ रुग्ण, वय ५० च्या पुढे, हृदयरोगाचं किमान एक कारण असलेले, साधारण चार वर्षं. हार्ट अटॅक, पक्षाघात वगैरे गोळीवर ३.४ टक्के, टीएनएफच्या इंजेक्शनवर २.५. कॅन्सर ४.२ आणि २.९. म्हणजे चार वर्षांत हजारात नऊ आणि तेरा जास्त. फार का? तुमच्या-माझ्या वयाला कदाचित तो हिशोब वेगळा पडेल. पण आई ५६ वर्षांची, बीपी आहे. त्या चाचणीत भरती करून घेतलेली बाई हुबेहूब माझी आई. २०२१ मध्ये एफडीएने पाकिटावर काळ्या चौकटीतला इशारा टाकला.

तिसरा पर्याय इतका साधा होता की मी वाचून सोडून दिला होता. मेथोट्रेक्सेट तसंच ठेवायचं आणि सोबत सल्फासलाझिन व हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, दोन्ही जुनी, स्वस्त औषधं. २०१३ मध्ये ३५३ रुग्णांवर या त्रिकुटाची तुलना मेथोट्रेक्सेट अधिक एटानर्सेप्ट या महागड्या इंजेक्शनशी झाली. ज्यांना सहा महिन्यांत फरक पडला नाही त्यांना दुसर्‍या गटात हलवलं. दोन्हीकडून साधारण चौथा हिस्सा रुग्ण हलवावे लागले, आणि वर्षअखेर दोन्ही गट बरोबरीत. म्हणजे आधी त्रिकूट, नाही जमलं तर इंजेक्शन, असं केल्याने फारसं काही हातचं जात नाही. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनसाठी दरवर्षी डोळ्यांचा पडदा तपासायचा, एवढी त्याची खंडणी.

गेल्या शनिवारी हे सगळं मी आईला जेवणाच्या टेबलावर सांगितलं, कागदावर आकडे मांडून. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "यातलं कुठलं घेतल्यावर रोज सकाळी मला फोन करून 'बरं वाटतंय ना' विचारायचं थांबशील?" बाबा हसले. मग तीच म्हणाली, ते तीन गोळ्यांचं करून बघू, सहा महिने. डॉक्टरांनाही पटलं. सहा महिन्यांची तारीख बाबांनी लगेच लिहून ठेवली, आणि टीबीची चाचणी आत्ताच करून घेतली, म्हणजे इंजेक्शनची वेळ आलीच तर खोळंबा नको.

मी पुण्याहून सात कप्प्यांची प्लास्टिकची डबी नेली होती, सोमवार ते रविवार. दिवसाला एवढ्या गोळ्या, गोंधळ नको म्हणून. बाबांनी नव्या दोन औषधांच्या गोळ्या त्यात भरल्या, पण मेथोट्रेक्सेटची पट्टी हातात घेतली आणि उठून गोदरेजच्या कपाटात, दागिन्यांच्या खणात ठेवली. चुकून रोज घेतली गेली तर हेच औषध जीव घेऊ शकतं, आणि असं घडलेलं आहे, हे त्यांना डॉक्टरांनी पहिल्या दिवशी बजावलंय. किल्ली त्यांच्याच जानव्याला. आई म्हणाली, "माझ्या पाटल्यांनासुद्धा एवढं जपलं नाहीत कधी."